पितळी पट्टीवरचं नाव

३ जून २०२५, मंगळवार

आजपर्यंत या दोन हातांनी केलेल्या वस्तू:

शिवानीचा पाळणा, सागवानी, एकही खिळा न वापरता. घरातली तिन्ही कपाटं. इष्टलिंगाची चांदीची डबी, माझी आणि रुद्राणीची, झाकण इतकं बरोबर की मिटताना हवा बाहेर जाताना ऐकू येते. कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतले सतरा मीटर-ब्रिज, नऊ स्पेक्ट्रोमीटरचे पाय, एक दुर्बीण (नळी पीव्हीसीची, भिंगं घरी घासलेली, अडीच महिने). प्रयोगशाळेतल्या ग्यानोबाच्या बायकोसाठी, सिंधुवहिनींसाठी, शिलाई मशीनला हाताने फिरवायचं चाक, कारण त्यांचा उजवा पाय लहानपणापासून कामाचा नाही. ओतकामासाठी सागवानी साचे, चौदा. तुरीची डाळ करायची छोटी गिरणी, माझ्या स्वतःच्या आराखड्याची, अकरा नग. प्रत्येक नगावर ७५ बाय ४० मिलिमीटरची पितळी पट्टी, तिच्यावर अक्षरांच्या ठशांनी एकेक ठोका घालून: सि. क. मेनकुदळे, नांदेड.

शिक्षण दहावी. बाकी सगळं यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचून. इंग्रजीसुद्धा.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, विकता येण्यासारखं जे काही नावावर आहे त्याची यादी करून आणा. लिहायला बसलो आणि हे लिहिलं गेलं. पाळण्याची किंमत काय लावायची?

कॉलेजातली जुनी प्रात्यक्षिकाची वही कोरी पडली होती. हे सगळं यापुढे तिच्यात लिहीन. नीट नोंद असली की माणूस घाबरत नाही.

५ जून, गुरुवार

देणं, ३१ मे अखेर. पगारदार पतसंस्था ७,८०,४००. बँकेचं वैयक्तिक कर्ज ५,११,२५०. सोनेतारण १,४०,००० (रुद्राणीच्या पाटल्या आणि गंठण). मोबाइलवरची दोन कर्जं मिळून ९६,३००. लातूरच्या ओतकाम कारखान्याची उधारी २,२१,६००. एकूण १७,४९,५५०. तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा तीच आली.

हे कसं झालं तेही लिहितो, म्हणजे उद्या कोणी जुगार-दारू म्हणायला नको. मागच्या वर्षी जून ते यंदा जानेवारी, आठ महिने विनावेतन रजा घेऊन लातूरला भाड्याच्या शेडमध्ये गिरण्या केल्या. अकरा केल्या, सात विकल्या. डाळ फुटून होणारा चुरा शेकडा चारच्या आत यायला हवा असा माझा नियम. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नव्हती. पण तीन ठिकाणी जाऊन मी स्वतः मोजला तर पाच भरला. सातही गिरण्या माझ्या खर्चाने परत आणल्या, रोलर बदलले, पोचत्या केल्या. एक शेतकरी म्हणाला, "मामा, चालून राहिली की चांगली, कशाला नेता?" त्याला मी चाळणी दाखवली. त्यात चार लाख गेले. दुसरा कोणी असता तर पाच टक्क्यांवर डोळे मिटले असते.

वकीलबाईंनी दिलेल्या कोऱ्या अर्जात एक रकाना आहे, व्यवसाय. तो रिकामा ठेवला आहे.

१४ जून, शनिवार

अॅड. मंजुषाबाईंकडे दोन तास. बाई म्हणजे आमच्याच कॉलेजची मुलगी, बी.एस्सी. करून वकिलीकडे गेली. मला अजून सर म्हणते. "सर, माझ्या मीटर-ब्रिजची तार तुम्ही बदलून दिली होती, नाहीतर माझं प्रॅक्टिकल गेलं असतं." मला आठवत होतं. तार १२ सेंटिमीटरवर दबली होती.

वाटा तिने सांगितल्या, मी लिहून घेतल्या. बँकेशी एकरकमी तडजोड होते, पण एकरकमी तडजोडीला एकरकमी पैसे लागतात. लोकअदालतीत समोरचा मानला तरच, आणि तो मानायला त्याला काही दिसावं लागतं. काहीच केलं नाही तर ते दावा लावतील, पगारावर जप्ती आणतील. पण पगाराचे पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. माझा पगार ५२,३००, म्हणजे जास्तीत जास्त १७,१०० जप्त. तेही एका हुकुमावर चोवीस महिने. हे ऐकून मी म्हणालो, मग भीती कशाची? ती म्हणाली, "सर, पतसंस्था दाव्याची वाट बघत नाही. तुम्ही कर्ज घेताना पगारातून कापायला लिहून दिलंय. आणि तिच्याकडं जामीनदार आहे."

चौथी वाट नादारीची. नवा कायदा आहे, पण तो तुमच्याआमच्यासारख्या पगारदाराला अजून लागू केलेला नाही. म्हणून जुनाच, १९२० सालचा. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, सगळी मालमत्ता, सगळे धनको शपथेवर सांगायचे. न्यायालयाने नादार ठरवलं की आपण योजना मांडायची: महिन्याला इतके, इतकी वर्षं. धनकोंपैकी डोक्यांनी निम्म्याहून जास्त आणि रकमेने तीन चतुर्थांश लोकांनी हो म्हटलं आणि न्यायालयाला ती पटली, तर ती सगळ्यांना बंधनकारक. पगार चालू असलेल्या माणसाला हीच वाट, कारण त्याच्याकडे दर महिन्याला द्यायला काहीतरी असतं.

मी विचारलं, वर्तमानपत्रात नाव येतं का. म्हणाली, राजपत्रात येतं. कॉलेजलाही कळवावं लागेल.

मग रकान्याचं विचारलं. तीन फुटी लेथ, ड्रिल, ठशांचा संच, साचे यांचं काय? कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत असं कायद्यात आहे. "पण सर, तुम्ही कारागीर की पगारदार? कारागीर लिहिलंत तर हत्यारं कदाचित वाचतील. योजना मात्र पगारावर मागताय. समोरचा वकील विचारणारच. मी तर म्हणेन लेथ विका. दीड लाख येतील, ते योजनेत घाला, तुमच्यावर विश्वास बसेल."

दोन्ही लिहिलं: कारागीर, व प्रयोगशाळा सहायक. या क्रमाने.

२३ जून, सोमवार

आज कॉलेजात ग्यानोबा माझ्याशी बोलला नाही असं नाही, पण स्टोअरची किल्ली टेबलावर ठेवून गेला, हातात दिली नाही.

ग्यानोबा आमचा प्रयोगशाळा परिचर. मुखेडकडचा. पुढच्या वर्षी मे अखेर निवृत्त. पतसंस्थेत माझ्या कर्जाला जामीन तोच. दुसरे जामीनदार दोन वर्षांपूर्वी वारले. जामिनाचं आमच्याकडे असं असतं: तू माझ्यावर सही कर, मी तुझ्यावर करतो. चहा सांगायचा, चहा येईपर्यंत सही होते. कागद कोण वाचतं? ग्यानोबाने तर चहासुद्धा घेतला नव्हता. "आप्पा, तुमी माज्या बायकोला बसल्याजागी कमवायला लावलं. कुटं करायची सही दाखवा."

मी रजेवर होतो ते आठ महिने माझा पगार नव्हता, म्हणून माझा चौदा हजारांचा हप्ता त्याच्या पगारातून कापला गेला. एक लाख बारा हजार. हे त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही. मीही काढलं नाही. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट बोलण्यात वेळ का घालवा.

रुद्राणी हल्ली दर सोमवारी दुपारी महादेवाला जाते. डबा घेऊन जाते. देवळात डबा कशाला, विचारलं तर म्हणाली, "प्रसाद."

२ जुलै, बुधवार

मोबाइलच्या कर्जवाल्यांनी माझ्या फोनमधले सगळे नंबर उचलले आहेत. शिवानीला फोन केला. ती लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, वॉर्डात ड्यूटीवर होती. तिच्या मैत्रिणींना माझा फोटो आणि खाली घाणेरडं लिहून पाठवलं. तिने मला सांगितलं ते एवढंच: "बाबा, मी नंबर बदललाय. हा कुणाला देऊ नका."

फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा आहे. माझा तेवढा एकच बरा फोटो.

१३ जुलै, रविवार

लातूर. सकाळी सहाच्या एसटीने निघालो. ओतकाम कारखान्याकडून उधारीचा दाखला घ्यायचा होता. तो पोस्टानेही आला असता. पण समक्ष गेलेलं बरं.

जाता जाता ईश्वरप्पांच्या दुकानावरून गेलो. शेतीची यंत्रं विकतात, आमच्याच समाजातले, उदगीरकडे दोन गोदामं. गल्ल्यामागे मोठी विभूती लावून बसलेले. "या या, मेनकुदळे मिस्त्री! शरणार्थ. बसा, च्या सांगतो. बिनसाखरेचा ना?"

मिस्त्री म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

दुकानाच्या तोंडाशीच एक डाळगिरणी उभी. निळा रंग, चकचकीत. पट्टीवर मोठ्या अक्षरांत ईश्वरप्पांच्या दुकानाचं नाव. मी न बोलता पाहिली. रोलरचा उतार अंदाजे दोन अंश चुकलेला. पट्ट्याला ताण द्यायची सोय नाही. वेल्डिंग ठिकठिकाणी फुगलेलं. चुरा सातच्या खाली येणं शक्य नाही. मोजले तेवढे दोष अकरा.

"गुजरातहून आणतोय," ईश्वरप्पा म्हणाले. "हंगामात एकशेचाळीस गेल्या."

"चुरा किती?"

"कुणी विचारत न्हाई हो चुरा. शेतकऱ्याची बाई चुरा कोंबड्याला घालती." हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तवा ऐकायचं होतं माझं."

मी म्हणालो, माझ्याकडचे साचे अजून आहेत, चौदाही, एकालाही भेग नाही. मी विकायला गेलो नव्हतो. माहिती म्हणून सांगितलं.

"साच्याचं काय करू आता? लाकडाच्या भावानं द्यायचे तर द्या. पंधरा हजार." चहा संपेपर्यंत ते दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते. निघताना म्हणाले, "सर्व्हिसला माणूस पाहिजे मला. या गिरण्या लई बिघडतात. रविवारी-रविवारी या, दुरुस्त करा, पाचशे रोज देतो."

एसटी स्टँडवर दाखला पिशवीत नीट ठेवला. आकडा १७५ रुपयांनी चुकला होता, त्यांच्या बाजूने. परत जाऊन दुरुस्त करून आणला. परतीची गाडी त्यामुळे चुकली.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. उपास. पतसंस्थेच्या सचिवांकडे मंजुषाबाईंना घेऊन गेलो.

योजना अशी: पंधरा हजार महिना, साठ महिने, एकूण नऊ लाख. मी बावन्न वर्षांचा, नोकरी अजून सहा वर्षं, तेव्हा बसतं. सोनेतारणवाले त्यांच्याकडचं सोनं विकून मोकळे होतील, उरलं १६,०९,५५०. म्हणजे रुपयाला छप्पन्न पैसे. तीन चतुर्थांश म्हणजे १२,०७,१६३. पतसंस्था सोडून बाकीचे सगळे मिळूनही ८,२९,१५० च होतात. म्हणजे पतसंस्था हो म्हणाली तरच योजना. त्यांनी नाही म्हटलं की संपलं.

हे गणित मी मांडलं तर सचिव म्हणाले, "मेनकुदळे, तुम्ही लेखापाल व्हायला पाहिजे होतं."

मग म्हणाले, आम्ही हो म्हणू. आम्हाला छप्पन्न पैसे तुमच्याकडून, चव्वेचाळीस जामीनदाराकडून. ग्यानोबाने लिहून द्यावं की तुमची योजना मंजूर झाली तरी त्यांची जबाबदारी कायम, आणि तूट त्यांच्या निवृत्तीच्या रकमेतून वळती करायला त्यांची संमती आहे. नाहीतर ते उद्या म्हणतील, मुख्य कर्जदार सुटला, मी का भरू.

बाहेर आल्यावर मंजुषाबाई जिन्यातच थांबली. "सर, कायद्यानं तुम्ही नादार झालात तरी जामीनदार सुटत नाही, हे खरंय. पण त्यांच्याकडून वेगळं लिहून घेणं म्हणजे… तूट किती येते?"

तीन लाख चव्वेचाळीस हजार. मी आधीच काढली होती.

"आणि लेथ?"

लेथ कारागिराची आहे, मी म्हणालो.

तिने फाइल बगलेत धरली आणि जिना उतरू लागली. आजकालच्या मुलांना हत्यार म्हणजे काय ते कळत नाही. लेथवर माझी अठरा वर्षं आहेत.

११ ऑगस्ट, सोमवार

प्रतिज्ञापत्राचा मसुदा. मंजुषाबाई प्रश्न विचारत गेली, मी उत्तरं देत गेलो. गेल्या दोन वर्षांत कोणाला काही बक्षीस दिलं? नाही. एखाद्या धनकोला इतरांच्या आधी गुपचूप पैसे दिले? नाही. सट्टा? नाही. चैन? तिने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि स्वतःच "नाही" लिहिलं.

"आता हे नीट ऐका, सर. सुटका मागायच्या वेळी न्यायालय बघतं की माणूस स्वतःच्या बेफिकिरीनं बुडाला का. धंद्याकडं दुर्लक्ष केलं का. समोरचा विचारेल, कर्ज फेडता येईल असा एखादा वाजवी सौदा आला होता का, तो तुम्ही सोडला का?"

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं थोडं वाकलेलं आहे, प्रत्येक फेरीला टक असा आवाज येतो. पुढच्या वेळी पाना घेऊन जाईन.

"नाही," मी म्हणालो.

तिने लिहिलं: अर्जदाराने कोणताही वाजवी प्रस्ताव नाकारलेला नाही. मी नोटरीपुढे सही केली. वाजवी हा शब्द आहे त्यात. नीट पाहून मगच सही केली.

१७ ऑगस्ट, रविवार

ग्यानोबाच्या घरी गेलो. यापूर्वी फक्त चाक बसवायला गेलो होतो, २०१७ साली. दोन खोल्या, पत्र्याच्या. सिंधुवहिनी खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या.

खिडकीशी मशीन दिसलं नाही. जमिनीवर चार पायांच्या खुणा होत्या. दुरुस्तीला दिलं असावं. मला न सांगता दुसऱ्याकडे दिलं याचं वाईट वाटलं. त्या चाकाचा तोल फक्त मला माहीत आहे. वहिनींना म्हणालो, कुठे बिघडलं होतं? त्या म्हणाल्या, "बिघडलं न्हवतं, भावजी." एवढंच. मग शेंगाच फोडत राहिल्या.

फळीवर आमचा स्टीलचा डबा. झाकणावर माझेच ठसे: रुद्राणी सि. मेनकुदळे. रुद्राणी आणि सिंधुवहिनींचं येणं-जाणं आहे हे मला ठाऊक नव्हतं. बरं आहे, बायकांची बायकांशी ओळख असावी.

ग्यानोबाला कागद वाचून दाखवला. पूर्ण वाचला, एकही शब्द गाळला नाही. सहीच्या आधी माणसाला सगळं कळलं पाहिजे. तो भिंतीला टेकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "म्हंजे आप्पा, तुमी सुटनार, आन मी ऱ्हानार."

मी म्हणालो, सुटणार नाही, पाच वर्षं भरणार. तू फक्त तूट.

"तूट," तो म्हणाला. जणू शब्द चाखून बघतोय.

सिंधुवहिनी म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर गावाकडं एक खोली बांधायची म्हनत व्हते हे. पायऱ्या नसलेली."

मी म्हणालो, खोलीचा आराखडा मी काढून देईन, फुकट. उतार कसा ठेवायचा तेही सांगेन. विचार करायला वेळ द्यावा म्हणून उठलो. निघताना ग्यानोबा म्हणाला, "चपला नीट घाला आप्पा, तिकडं चिखल हाय."

३० ऑगस्ट, शनिवार

आठ दिवस पाऊस. गोदावरी पुलाच्या खांबांवर चढली आहे. कॉलेजला सुट्टी दिली.

घरात भाकऱ्यांचा धूर. रुद्राणी दोन महिने झाले कडक भाकऱ्या करते, दिवसाला साठ-सत्तर. विद्यार्थ्यांच्या एका मेसला देते म्हणे. मी समजत होतो हौस आहे. आज तिच्या हातावर भाजल्याचे पाच डाग मोजले, त्यातले दोन ताजे. म्हणालो, तव्याला लाकडी मूठ करून देतो.

तिने उलथणं खाली ठेवलं.

"मूठ नको. सिंधूचं मशीन कुठंय माहीत हाय का तुम्हाला?"

दुरुस्तीला.

"जुन्या बाजारात हाय. एप्रिलमधी विकलं त्यांनी. साडेचार हजाराला. त्या चाकाचे जास्ती मिळाले न्हाईत, दुकानदार म्हणला असलं चाक कोण घेतं, काढून टाकावं लागंल." तिचा आवाज चढला नव्हता. "मी भाकऱ्याचे पैसे नेऊन देते त्यांना. दर सोमवारी. आतापर्यंत अकरा हजार सहाशे. तुम्हाला मोजलेलं आवडतं म्हणून आकडा सांगून राहिले."

मी म्हणालो, हे चुकीचं आहे. नादारीच्या अर्जाआधी एका माणसाला दिलेले पैसे न्यायालय परत मागू शकतं. मंजुषाबाईंना विचारायला हवं.

तेव्हा ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिली तिचं वर्णन मला करता येत नाही. म्हणाली, "त्या दिवशी मी शिवानीला भेटायला लातूरला आले होते, शेडवर चहा घेऊन आले. ईश्वरप्पा बोलत होता ते मी दारातून ऐकलंय. मला काय शपथ घेता येत न्हाई कोर्टात, पण मला ऐकू येतं."

आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. तव्याची मूठ मी तरीही केली. शिसवी, घट्ट बसली आहे. तिने ती वापरलेली नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

जुन्या बाजारात गेलो. मशीन तिथे होतं. चाक काढून बाजूला लोखंडाच्या ढिगात टाकलेलं. फिरवून पाहिलं, तोल अजून बरोबर, बोटाच्या टोकाने फिरतं. आतल्या बाजूला माझं नाव, खोल, स्पष्ट.

दुकानदार म्हणाला, "मामा, ते नका घेऊ, ते कोन्यातरी येड्यानं बनवलंय. नुसतं मशीन घ्या."

चाक वजनावर घेतलं, एकशे दहा रुपये. मशीनचे सहा हजार मागत होता. खिशात तेवढे नव्हते. पिशवीत चाक घेऊन घरी आलो. माळ्यावर साच्यांशेजारी ठेवलं आहे.

मशीनशिवाय त्याचा उपयोग नाही हे मलाही कळतं.

८ सप्टेंबर, सोमवार

ग्यानोबा आज सकाळी आपणहून म्हणाला, "चला आप्पा, कुटं सही करायची हाय?"

मंजुषाबाईंच्या ऑफिसात गेलो. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि मला न विचारता त्याला सांगायला लागली: "मामा, तुम्ही सही नाही केली तरी चालतं. कायद्यानं तुमच्यावर जबाबदारी आहे, पण त्यांना मग रीतीनं मागावं लागेल, तुम्हाला तुमची बाजू मांडता येईल. ही सही केली की ग्रॅच्युइटीतून सरळ कापतील. कळलं का?"

"कळलं, बाई."

"मग?"

"आप्पाचं नाव कोर्टात निघंल न्हाईतर. दर महिन्याला पट्टेवाला कालिजात यील. पोरं बघतील." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आमी सोळा वर्सं एका कपाटात डबे ठिवलेत."

सही केली. तो 'ग्यानोबा' लिहिताना अजून प्रत्येक अक्षर वेगळं काढतो, ठसे मारल्यासारखं. मी साक्षीदार म्हणून चालत नव्हतो, म्हणून दारातल्या टायपिस्टने केली.

पेन परत देता देता म्हणाला, "आप्पा, एक इचारू का? राग नका मानू. वैनी म्हनत व्हत्या, त्या लातूरच्या शेटनं तुमाला काईतरी देऊ केल्तं. मागं, शेडवर. किती व्हते ते?"

मंजुषाबाई कागदांना पिन मारत होती. ती थांबली.

वाकलेल्या पात्याचा आवाज येत होता. पाना घेऊन जायचं मी विसरलो होतो.

"नीट आठवत नाही," मी म्हणालो.

"हाव," ग्यानोबा म्हणाला. "लई दिस झाले."

मंजुषाबाईने पिन मारली. माझ्याकडे पाहिलं नाही. अर्ज उद्या दाखल होईल म्हणाली, सर न म्हणता.

ग्यानोबा ऑटोने गेला. मी पायी आलो. वाटेत प्रतिज्ञापत्रातला तो एक शब्द तीन-चार वेळा मनात वाचला. तो पूर्वीसारखा बसत नाही. घरी रुद्राणी नव्हती, सोमवार आहे. डबाही नव्हता. वही काढली. इथे कोणी शपथ घातलेली नाही, म्हणून लिहितो.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार, दुपारी सव्वातीन, लातूरची शेड. ईश्वरप्पांनी माझा आराखडा, चौदा साचे आणि तयार चार गिरण्या मागितल्या. पैसे चेकने, त्याच आठवड्यात. मला उत्पादनावर देखरेख ठेवायला बोलावलं होतं. चुरा शेकडा चार ठेवायचंही त्यांनी कबूल केलं होतं. त्या दिवशी पतसंस्थेची बाकी आठ लाखांच्या थोडी वर होती. ग्यानोबाचे तोवर पाचच हप्ते कापले गेले होते. सिंधुवहिनींचं मशीन खिडकीशी होतं.

अट एकच. पितळी पट्टीवर नाव त्यांचं. मी नाही म्हणालो.

नऊ लाख पंचवीस हजार रुपये.